तलवारीची धार ते तंबोऱ्याची जवारी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मिरजेतल्या शिकलगारांचं काम आटत चाललं होतं. हत्यारांना धार लावायचा पिढीजात धंदा. इंग्रजी अंमल पक्का झाला तशा तलवारी खुंटीला टांगल्या गेल्या. संस्थानिक पटवर्धनांना मात्र गाण्याचा शौक. दरबारी येणाऱ्या गवयांची बिघडलेली वाद्यं फरीदसाहेब शिकलगारांकडे जाऊ लागली आणि दुरुस्ती करता करता ते तंबोरे घडवू लागले, असं सांगतात. पुढच्या पिढ्यांनी ‘सतारमेकर’ हेच आडनाव लावलं.

त्याच काळात तिकडे स्पेनमध्ये आल्मेरियाचा आंतोनियो दे तोरेस गिटारीला आजचं रूप देत होता. माद्रिदच्या रामिरेझ घराण्यात १८८२ पासून गिटारी घडताहेत. पण तिथली पेटी सगळी लाकडाची. आपल्या तंबोऱ्याचा निम्मा जीव आधी वेलीवर वाढतो! पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा कडू भोपळा महिनोन्महिने वाळवायचा, कापून आतला गर काढायचा, मग त्यावर तबली आणि दांडी चढवायची. दांडीला तुणाचं लाकूड. भोपळा नीट वाळला नसेल तर पुढची सगळी कारागिरी पाण्यात.

एवढं करूनही हाती येतं ते नुसतं भांडं. तंबोरा बोलू लागतो जवारीने. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानसेने इतका हलका उतरता करायचा की कंप पावणारी तार त्याला निसटती घासली पाहिजे. मग तारेखाली सुताचा धागा सरकवत नादाची जागा शोधायची. घास जास्त बसला की घोडी वाया. इथे मोजपट्टी कामाची नाही, कानच लागतो. मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ स्वतः जवारी काढण्यात वाकबगार होते; १९३७ साली ते गेले, त्यांची कबर मिरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. असं गिऱ्हाईक दारात असल्यावर कारागिराला सवड कुठली!

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. उशिरा, पण मिळालं. नावाची नक्कल त्याने थांबेल. कानसेवरचा हात तयार व्हायला मात्र वर्षंच जावी लागतात. रोजच्या रियाजाला आता मोबाईलमधला तंबोरा चालतो. त्याची जवारी कधी बिघडत नाही, आणि मला तरी तो त्यामुळेच लवकर कंटाळवाणा होतो. खऱ्या तंबोऱ्याच्या तारा घोडीवर चरे पाडतात, मग गवई तो उचलून पुन्हा मिरजेची गाडी पकडतात.