रणगाड्याच्या प्रतिकृतीचे पट्टे

आमच्या शाळेंतील कांहीं विद्यार्थी सुटीच्या दिवसांत प्लास्टिकच्या रणगाड्यांच्या प्रतिकृति जुळवितात. त्यांचें काम पाहतांना एक गोष्ट वारंवार आमच्या नजरेस येते. तोफ सरळ बसलेली असते, रंगही नीट दिलेला असतो. परंतु चाकांभोंवतींचा पट्टा रबरी कड्यासारखा ताठ व चकचकीत दिसतो, आणि सारी मेहनत खेळण्याच्या मोलाची होऊन बसते. म्हणून हे पट्टे कसे रंगवावे व कसे बसवावे, आणि त्यामागील कारणें कोणतीं, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम, पट्टा असतोच कशासाठीं? धानाच्या बांधींत भरलेली बैलगाडी घातली तर तिचीं चाकें रुततात. कारण सारा भार चाकाच्या अरुंद धांवेवर येतो. तोच भार लांबरुंद पट्ट्यावर पसरला म्हणजे ओली जमीनही तो सहन करते. याच हेतूनें कॅलिफोर्नियांत बेंजामिन होल्ट यानें १९०४ सालीं शेतीच्या यंत्रास पट्टे लावून तें मऊ जमिनीवर चालविलें. पुढें १५ सप्टेंबर १९१६ रोजीं सोमच्या लढाईंत इंग्रजांनीं आपले पहिले रणगाडे रणांगणावर आणिले, तेही पट्ट्यांवरच चालत होते.

आतां वजनाचा हिशेब पाहूं. पूना हॉर्स या रिसाल्यानें १९६५ व १९७१ च्या युद्धांत वापरलेला सेंच्युरियन रणगाडा सुमारें ५१ टनांचा असे. प्रतिकृति बहुधा १/३५ प्रमाणाची असते. लांबी, रुंदी व उंची हीं तिन्ही पस्तीस पटींनीं घटतात, म्हणून वजन ३५ × ३५ × ३५, म्हणजे ४२,८७५ पटींनीं घटावयास हवें. भागाकार केला असतां सुमारें १,१९० ग्रॅम येतात. पोकळ प्लास्टिकची प्रतिकृति याहून पुष्कळ हलकी असते. खरा पट्टा स्वतःच्या भारानें खालीं झुकतो; व्हिनाइलच्या पट्ट्यास खालीं ओढणारें कांहींच नसतें. जें वजन नाहीं तें असल्यासारखें दाखविणें, हीच या कामांतील मुख्य युक्ति होय.

पट्टा साच्यांतून निघतांना त्यावर तेलकट थर राहतो. म्हणून तो कोमट पाण्यांत साबणानें धुवून सावलींत वाळवावा, आणि बसविण्यापूर्वीं सपाट ठेवूनच रंगवावा. व्हिनाइल वाकणारें असल्यामुळें त्यावरील कडक रंग तडकतो, आणि कांहीं तैलरंग तर दिवसेंदिवस चिकटच राहतात. यासाठीं अ‍ॅक्रिलिक रंगाचे पातळ थर द्यावे. पहिला थर काळपट तपकिरी असावा. निव्वळ काळा किंवा चंदेरी नसावा.

याचें कारण धातूंत आहे. सेंच्युरियनचे पट्टे मँगेनीज-पोलादाचे ओतीव असत. हें पोलाद रॉबर्ट हॅडफील्ड यानें १८८२ सालीं शोधिलें. घाव व दाब बसत जातील तसतसा त्याचा पृष्ठभाग अधिक कठीण होतो. आपल्या तुमसर तालुक्यांतील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथें ज्याच्या खाणी आहेत तेंच हें मँगेनीज. असा पट्टा कोठें झळकतो व कोठें गंजतो हें समजण्यास कालव्याच्या कामावरील पोकलेनची चेन पाहावी. जमिनीस घासणाऱ्या कडा उजळ दिसतात, खांचांत माती वाळलेली असते, बाकीच्या भागावर गंजाची तपकिरी झांक असते. प्रतिकृतींत उंच कडांवर शिसपेन्सिल घांसली असतां पोलादाची चकाकी साधते. खांचांसाठीं वस्त्रगाळ माती पाण्यांत कालवून तींत थोडा पांढरा गोंद मिसळावा.

आतां जोडणी. संचासाठीं मिळणारा गोंद पॉलिस्टायरीन विरघळवून सांधा करितो; व्हिनाइल त्यानें विरघळत नाहीं, म्हणून पट्ट्याचा सांधा सुटतो. कांहीं नव्या संचांतील पट्टे मात्र गोंद धरतात. सूचनापत्र वाचून पाहावें. इतर पट्ट्यांच्या एका टोकास खुंट्या व दुसऱ्या टोकास भोकें असतात. खुंट्या भोकांतून काढून त्यांचीं डोकीं तापविलेल्या चपट्या पेचकसानें हलकेच दाबावीं, म्हणजे तीं पसरून पट्टा पक्का होतो. हें काम वडील माणसासमक्ष व खिडकी उघडून करावें. व्हिनाइल जाळूं नये, कारण त्याचा धूर अपायकारक असतो. सांधा अशक्त वाटल्यास बारीक काळ्या दोऱ्याचे दोन टांके घालावे. सेंच्युरियनच्या बाजूस पत्रे असतात. सांधा त्यांच्या आड ठेवावा.

पट्टा फार ताणला तर आंस वांकतात व टोकांचीं चाकें जमिनीवरून उचललीं जातात. तो आंखूड असल्यास कोमट पाण्यांत नरम करून हळूहळू ओढावा. टी-५५ रणगाड्यास वरचा पट्टा उचलून धरणाऱ्या लहान चाकत्या नसतात. त्याचा पट्टा मोठ्या चाकांवरच टेकतो. तेथें चाकांच्या माथ्यावर शीघ्र गोंदाचा थेंब लावून पट्टा खालीं दाबून धरावा. बोटें मात्र जपावीं.

आणखी एक सूचना. व्हिनाइल मऊ राहावें म्हणून त्यांत तेलासारखें द्रव्य घातलेलें असतें. तें कालांतरानें बाहेर येऊन पॉलिस्टायरीनच्या चाकांस मऊ करतें व खातें. म्हणून चाकें आधीं रंगवून पूर्ण वाळूं द्यावीं. रंगाच्या थरामुळें थोडें तरी संरक्षण होतें. सुटे पट्टे इतर भागांस लागून ठेवूं नयेत.

कित्येक पालक विचारतात कीं, युद्धयंत्राची प्रतिकृति मुलांच्या हातीं कशाला द्यावी? प्रश्न योग्य आहे. खेळण्यांतील रणगाड्यास भार नसतो, म्हणून युद्धही हलकें वाटूं लागतें. ज्या मुलानें ५१ टनांचा भार दाखविण्यासाठीं आठवडाभर खपून पट्टा बसविला, त्यास आंतील चार माणसांचाही विचार करावा लागतो. पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर हे जखमी होऊनही मागें हटले नाहींत, आणि १६ सप्टेंबर १९६५ रोजीं त्यांना मरण आलें. त्याच रिसाल्याचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजीं बसंतरच्या लढाईंत पडले. त्यांचें वय अवघें २१ वर्षांचें होतें. दोघांसही मरणोत्तर परमवीरचक्र मिळालें. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींचें अहमदनगर, येथें १९९४ सालीं उघडलेलें रणगाड्यांचें संग्रहालय आहे. सहलीस गेल्यास तेथें खरा सेंच्युरियन जवळून पाहावा. त्याचा पट्टा पाहिला म्हणजे वरील सर्व सूचनांचा अर्थ कळेल.

आणि तितक्या दूर जाणें न जमल्यास, धानाच्या कापणीच्या वेळीं चेनचें यंत्र ओल्या बांधींत उतरतें तेव्हां त्याचे पट्टे निरखावे. शेतांतून रणांत गेलेली ही कल्पना आज आपल्या जिल्ह्यांत धान घरीं आणण्याचें काम करीत आहे. तलवारींचे नांगर होतील असें जें यशया संदेष्ट्यानें पाहिलें, त्याची आठवण ठेवून आमच्या विद्यार्थ्यांनीं हातांतील काम नीट करावें, इतकेंच आमचें सांगणें आहे.