आलापल्लीच्या पुढे कोणती मोटरसायकल?

ॲडव्हेंचर टूरिंग मोटरसायकलला दोन परस्परविरोधी कामे करावी लागतात. महामार्गावर सामान लादून दिवसभर एका वेगाने धावायचे आणि डांबर संपले की मुरूम, गोटे, चिखल यांतूनही वाट काढायची. पहिल्या कामाला ताकद, मोठी टाकी आणि थोडे वजनही उपयोगी पडते. दुसऱ्या कामात तेच वजन अंगावर येते. बीएमडब्ल्यूने १९८० साली ‘आर ८० जी/एस’ आणून ही तडजोड बाजारात रुजवली आणि पुढच्याच वर्षी पॅरिस-डाकार शर्यत जिंकून दाखवली. भारतात हा प्रकार मध्यमवर्गाच्या आवाक्यात खऱ्या अर्थाने आला तो २०१६ च्या रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ मुळे. मग हिरोची एक्सपल्स २००, केटीएमची ३९० ॲडव्हेंचर, सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स, २०२३ च्या अखेरीस हिमालयन ४५० आणि २०२५ मध्ये एक्सपल्स २१० व संपूर्ण नवी ३९० ॲडव्हेंचर अशी रांग लागली. त्या पहिल्या पिढीच्या गाड्या आता जुन्या होत आहेत आणि पुढची गाडी त्याच कंपनीची घ्यावी की दुसरीकडे वळावे, हा प्रश्न अनेकांपुढे आहे.

चंद्रपूर आणि गडचिरोलीत या प्रश्नाचे उत्तर पुण्या-मुंबईपेक्षा वेगळे निघते. १९८२ पर्यंत एकच जिल्हा असलेल्या या प्रदेशात जमीन झपाट्याने बदलत जाते. वरोरा-भद्रावतीकडे काळी माती आणि कोळशाच्या ट्रकांनी दबलेले रस्ते, सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडे धानाच्या बांध्या आणि वैनगंगा ओलांडली की दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाखाली असलेला गडचिरोली जिल्हा. आलापल्लीपासून एक वाट भामरागडला, दुसरी सिरोंचाला, तिसरी एटापल्लीला जाते. या वाटांवर ताशी १२० किलोमीटर वेगाचा प्रश्नच येत नाही. १५ ते ४० च्या दरम्यान गाडी कशी वागते, यावर सगळे ठरते.

म्हणून सुरुवात इंजिनापासून करावी, पण माहितीपत्रकातल्या अश्वशक्तीच्या आकड्यापासून नव्हे. हिमालयन ४११ ची ताकद सुमारे २४ अश्वशक्ती, तर २०२० च्या केटीएम ३९० ची सुमारे ४३. इंजिनांचे आकारमान जवळपास सारखे असताना एवढा फरक कुठून येतो? उत्तराचा मोठा भाग पिस्टनच्या प्रवासात आहे. हिमालयन ४११ चा पिस्टन प्रत्येक फेरीत ८६ मिलीमीटर वर आणि तेवढाच खाली जातो, केटीएमचा फक्त ६० मिलीमीटर. हिमालयनची कमाल ताकद मिनिटाला ६,५०० फेऱ्यांना मिळते. तिथे पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेअठरा मीटरच्या आसपास भरतो. केटीएमचा पिस्टन ९,००० फेऱ्यांना १८ मीटरवर असतो. म्हणजे दोन्ही इंजिनांत पिस्टनचा वेग जवळजवळ सारखाच असतो; केटीएमचा पिस्टन आखूड धाव घेतो म्हणून तेवढ्याच वेगात जास्त फेऱ्या मारतो, आणि प्रत्येक जास्तीच्या फेरीबरोबर ताकद वाढते.

जंगलवाटेवर मात्र ९,००० फेऱ्यांपर्यंत कोणी जात नाही. तिथे महत्त्व आहे ते पीळ देण्याच्या जोराला, म्हणजे टॉर्कला, आणि तो किती फेऱ्यांना मिळतो याला. हिमालयन ४११ चे ३२ न्यूटन मीटर ४,००० ते ४,५०० फेऱ्यांतच मिळतात, केटीएमचे ३७ मिळायला ७,००० फेऱ्या लागतात. फेऱ्यांच्या बाबतीत हिमालयन ४५० या दोहोंच्या मधे आहे: ४० न्यूटन मीटर, ५,५०० फेऱ्यांना. जुन्या हिमालयनवर दुसऱ्या गिअरमध्ये धडधडत चढ चढण्याची सवय झालेला चालक केटीएमवर बसला की त्याच जागी इंजिन अडखळते, गिअर खाली घ्यावा लागतो, हाफ क्लचवर तळहात दुखू लागतो. यात दोष गाडीचा नाही. तिला जास्त फेऱ्यांवर ठेवायचे असते. परंतु कंपनी बदलणाऱ्याने हे गृहीत धरले पाहिजे की हाताला लागलेली सवयही बदलावी लागेल.

चाकांबद्दल गैरसमज फार आहेत. पुढचे चाक २१ इंची असले की गाडी खड्डे सहज पार करते, असे सरसकट सांगितले जाते. भूमितीने तपासले तर चित्र थोडे निराळे दिसते. रस्त्यात १० सेंटीमीटर उंचीचा दगड आहे असे धरू. टायरसकट २१ इंची चाकाची त्रिज्या सुमारे ३५ सेंटीमीटर, १९ इंचीची ३३ आणि साध्या १७ इंचीची २९. अगदी हळू, ढकलत तो दगड चढायचा तर १७ इंची चाकाला २१ इंचीपेक्षा सुमारे १८ टक्के जास्त जोर लागतो, पण १९ इंचीला फक्त ५ टक्के. म्हणजे साध्या रस्त्याच्या गाडीवरून येणाऱ्याला फरक ठळक जाणवेल. १९ आणि २१ मधला फरक मात्र त्रिज्येतून फारसा येत नाही. तो येतो टायरच्या रुंदीतून आणि सस्पेन्शनच्या लांबीतून. २१ इंची टायर अरुंद असतो, पातळ चिखल कापून खालच्या घट्ट थरापर्यंत पोचतो. शिवाय २१ इंची चाक लावणाऱ्या कंपन्या सहसा सस्पेन्शनही लांब देतात. २०२० च्या केटीएमला १९ इंची चाक आणि पुढे १७० मिलीमीटरची हालचाल होती, हिमालयनला २१ इंची आणि २००. केटीएमने २०२५ च्या मॉडेलमध्ये हे दोन्ही आकडे हिमालयनइतके केले, त्यामुळे ‘केटीएम म्हणजे डांबराची गाडी’ हे जुने मत आता टिकत नाही.

रिमचा मुद्दा छोटा, पण जंगलात मोठा. तारांचे चाक दगडावर आपटले तर वाकते आणि ठोकून सरळ करता येते. मिश्रधातूचे ओतीव चाक तडकू शकते. उलट ओतीव चाकावर ट्यूबलेस टायर बसतो आणि पंक्चर जागेवरच, चाक न काढता बुजवता येते. ट्यूब असलेल्या टायरसाठी चाक खोलावे लागते, मात्र ते काम गावातला कोणताही पंक्चरवाला करतो. हिमालयन ४५० ला तारांचे ट्यूबलेस चाक पर्याय म्हणून मिळते आणि या भागासाठी त्यावर जास्तीचा खर्च करणे योग्य आहे.

वजनावर मात्र जितके बोलावे तितके थोडे. हिमालयन ४५० चे वजन १९६ किलो, जुनीही साधारण तेवढीच. नवी केटीएम सुमारे १८३, एक्सपल्स २१० सुमारे १७० आणि एक्सपल्स २०० तर १६० च्या आसपास. महामार्गावर हा फरक जाणवतही नाही. ओल्या लाल मातीत गाडी आडवी पडली, सोबत कोणी नाही आणि पाय घसरत आहेत, अशा वेळी ३० किलो हा फरक गाडी उभी राहणार की नाही, हे ठरवतो. सीटची उंचीही यात मोजावी. साडेपाच फुटांच्या माणसाला ८२५ मिलीमीटरच्या सीटवरून दोन्ही टाचा टेकत नाहीत. सपाट जागी ते चालते, पण चाकोरीच्या खोल चरात एक पाय अधांतरी राहतो आणि वजनदार गाडी तिथेच कलंडते.

उन्हाळ्याची परीक्षा वेगळी. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४७ अंशांपर्यंत जातो. गरम वस्तू हवेला किती उष्णता देते, हे दोघांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. रेडिएटरमधले द्रव ९५ अंशांवर धरले तर २५ अंशांच्या हवेत हा फरक ७० असतो, ४७ अंशांच्या हवेत ४८. म्हणजे रेडिएटरची क्षमता जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने घटते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या पत्र्या १५० अंशांवर धरल्या तर घट १८ टक्क्यांची असते. पण अशा इंजिनाला वाहता वारा लागतो आणि मुरमावर पहिल्या गिअरमध्ये तो मिळत नाही, तर रेडिएटरला पंखा असतो. त्यामुळे द्रवाने थंड होणारे इंजिन इथेही सरस ठरते, अट एवढीच की रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि पालापाचोळा साचू देऊ नये.

ब्रेकच्या बाबतीत एबीएसचे वागणे समजून घ्यावे. डांबरावर चाक जाम न होऊ देणे जीव वाचवते. सैल गिट्टीवर मात्र जाम झालेले चाक पुढे खड्यांचा ढीग साचवते आणि तोच गाडीला अडवतो. एबीएस तो ढीग बनू देत नाही, म्हणून थांबण्याचे अंतर वाढते. मागच्या चाकाचे एबीएस बंद करण्याची सोय हिमालयन आणि केटीएम दोन्हींत आहे. मोहर्लीकडच्या जंगलातल्या रस्त्यावर संध्याकाळी चितळांचा कळप आडवा येतो, तेव्हा मात्र कोणतीही कंपनी भौतिकशास्त्राच्या पुढे जात नाही: प्रतिसादाला एक सेकंद धरला तर ताशी ६० वेगाने कोरड्या डांबरावर थांबायला सुमारे ३७ मीटर लागतात, ८० ला ५८ मीटर.

पाण्याबद्दलही तेच. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत राहिल्या आहेत. प्रवाहाचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट, जोर चौपट. शिवाय पाणी गाडीला थोडे उचलते आणि टायरची पकड आणखी घटते. रपट्यावरून पाणी जात असेल तर २३० मिलीमीटरची जमिनीपासूनची उंची आणि दोनशे किलो वजन यांचा भरवसा धरू नये. पाणी उतरेपर्यंत थांबणे, एवढा एकच मार्ग असतो.

कंपनी बदलण्याच्या निर्णयात विज्ञानाइतकेच वजन सेवेला आहे. हिरोचे जाळे तालुक्यापर्यंत पसरलेले आहे आणि साध्या इंजिनाचे काम गावातला मिस्त्रीही करतो. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल, राइड मोड असलेल्या गाडीला बिघाड शोधायला कंपनीचे उपकरण लागते आणि आलापल्लीहून ती टेम्पोत घालून आणावी लागते. केटीएमच्या ऑस्ट्रियातील मूळ कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली तेव्हा सुट्या भागांची चिंता पसरली होती. पण ३९० चे उत्पादन बजाजच्या चाकण कारखान्यात होते आणि पुढे बजाजनेच त्या कंपनीला सावरले, त्यामुळे भारतीय ग्राहकाने या कारणासाठी मागे हटण्याची गरज नाही. किमतीचे गणितही बदलले आहे: २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तर त्यावरच्या गाड्यांवर तो ४० टक्के झाला.

या सगळ्याचा हिशोब चालकागणिक वेगळा निघतो. नागपूर-चंद्रपूर महामार्ग हे मुख्य काम आणि महिन्याकाठी एखादी जंगलवाट, असे असेल तर हिमालयन ४११ वरून ४५० कडे जाणे सर्वांत सोपे, कारण स्वभाव ओळखीचा राहतो. वेगाची आवड असेल आणि जास्त फेऱ्यांवर गाडी हाकायची तयारी असेल तर २०२५ ची केटीएम. एटापल्ली-भामरागडच्या आतल्या वाटांवर रोजचे जाणे-येणे असलेल्या शिक्षकाने, आरोग्यसेवकाने किंवा वनरक्षकाने मात्र मोठ्या इंजिनाच्या मोहात पडू नये. त्यांच्यासाठी हलकी एक्सपल्सच योग्य आहे. आणि निर्णयाआधी चाचणी फेरी शोरूमसमोरच्या डांबरावर न घेता, मागे सामान बांधून, मुरमाच्या रस्त्यावर मागून घ्यावी.