मावशी, अंबाडी आणि बाजाराचा दिवस

तुमच्या फोनमध्ये असा एखादा नंबर असेलच, नावापुढे गाव लावून सेव्ह केलेला. 'आत्या वाशीम', 'मामा परळी', 'काकू चिखली'. वर्षातून दोनदा वाजतो. एकदा दिवाळीला आणि एकदा तुमचा निकाल लागला की. पलीकडून ठरलेला प्रश्न येतो, "कवा येतं मंग?" आपलंही उत्तर ठरलेलं, "येतो ना, परीक्षा झाली की." परीक्षा होते, मग सबमिशन येतं, मग इंटर्नशिप, आणि तेवढ्यात ग्रुपवर कुणीतरी गोकर्णचा प्लॅन टाकतं.

माझ्या फोनमधला तो नंबर आहे 'मावशी ढाणकी'. "येतो ना" हे मी तिला सहा वर्षं ऐकवत होतो. २०२४ च्या दिवाळीत शेवटी गेलो. त्या चार दिवसांबद्दल सांगायचंय. तुमचं ते गाव वेगळं असेल, पण गाव कुठलंही असो, एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. जाल तेव्हा आठवडी बाजाराचा दिवस गाठून जा. सणाच्या दिवशी घर आवरलेलं असतं आणि आपल्याला पाहुण्यासारखं बसवून ठेवतात. बाजाराच्या दिवशी कुणालाच वेळ नसतो, त्यामुळे आपण घरचे होतो.

ढाणकी कुठं आहे हे पुण्यातल्या रूममेटला सांगताना मी "नांदेडजवळ" म्हणतो, अमरावतीच्या मित्राला सांगताना "यवतमाळ जिल्ह्यात". दोन्ही खरं. उमरखेड तालुक्यातलं हे मोठं गाव, आता नगरपंचायत झालेलं. खाली पैनगंगा वाहते. नदीच्या अलीकडे विदर्भ, पलीकडे मराठवाडा. पलीकडचं मोठं गाव हिमायतनगर, पण जुनी माणसं त्याला अजून वाढोणाच म्हणतात. स्वातंत्र्याआधी ही नदी म्हणजे साधी जिल्ह्याची हद्द नव्हती. उत्तरेला इंग्रजांच्या कारभारातलं वऱ्हाड आणि दक्षिणेला निजामाचं हैदराबाद संस्थान. दोन्ही काठ एका राज्यात यायला १९५६ उजाडलं. मावशी बोलताना "मले" म्हणते आणि तिची सून, म्हणजे आमची वहिनी, हदगावकडची असल्यानं "मला" म्हणते. एका चुलीजवळ दोन मराठी. सकाळी नाश्त्याला वहिनी मुरमुरे भिजवून सुशीला करते, मराठवाड्यातला. दुपारी बाजारात गेलात की हाटेलात विदर्भाचा आलूबोंडा, वर तर्री ओतलेला. पुण्याच्या मुलांनो, त्याला तिथं बटाटावडा म्हणू नका, लोक हसतात. मी म्हणालो होतो.

पोचायचं कसं? मी रात्रीच्या गाडीनं नांदेडला उतरलो. मुंबईची नंदीग्राम एक्स्प्रेस नांदेडनंतर मुदखेड, भोकर करत हिमायतनगरवरून किनवट-आदिलाबादकडे जाते. हिमायतनगरला उतरून काळीपिवळी पकडायची आणि नदी ओलांडायची. नागपूरकडून येणाऱ्यांनी यवतमाळ, आर्णी, महागाव करत एसटीनं उमरखेड गाठावं. मार्च २०२३ पासून मुलींना एसटीत अर्धं तिकीट आहे, तेव्हा "परवडत नाही" हे कारण तुम्हाला तरी चालणार नाही. पावसाळ्यात जाणार असाल तर निघण्याआधी फोन करून विचारा, पैनगंगेला पूर आला की पूल पाण्याखाली जातो आणि मग पलीकडचं गाव नुसतं दिसतं.

आता बाजार.

सकाळी नऊच्या सुमाराला पालं ठोकायला सुरुवात होते. कपड्याची, भांड्यांची, चपलांची दुकानं कडेनं, मसाल्याचे आणि फरसाणाचे ठेले मध्ये, आणि भाजीवाले जमेल तिथं. त्यातही दोन प्रकार. उंच ओट्यावर, क्रेट लावून बसतो तो व्यापारी, माल बाहेरून आणलेला. जमिनीवर पोतं अंथरून, समोर चार-पाच ढीग मांडून बसते ती शेतकरीण, माल रातच्याला तोडलेला. उमरखेड तालुक्यातल्या जंगलाच्या पट्ट्याला इकडे बंदी भाग म्हणतात, पैनगंगा अभयारण्य तिकडेच. तिथल्या गावांमधून, तांड्यांवरून माणसं बाजाराला येतात. आंध, बंजारा, कोलाम. कुणी मराठीत भाव सांगतं, आपसात गोरमाटीत बोलतं आणि शेजारच्या मिठाईवाल्याशी हिंदीत भांडतं. भाषांचं सेमिनार वगैरे कॉलेजात ऐकण्यापेक्षा अर्धा तास इथं उभं राहा.

खायला काय, हे महिन्यावर ठरतं आणि मला वाटतं सगळी मजा त्यातच आहे. पुण्यात आपल्याला बाराही महिने तेच सगळं मिळतं. इथं पावसाळ्यात जाल तर करटुली आणि तरोट्याची कोवळी भाजी. दिवाळीला सीताफळं, पोत्यानं. थंडी वाढली की तुरीच्या हिरव्या शेंगा, मग घरोघरी सोल्यांची आमटी, मग बोरं, हरभऱ्याचा पाला. उन्हाळ्यात टेंभरं आणि चारोळी. ज्या महिन्यात जाल त्या महिन्याचंच खायला मिळेल. बाकीच्यासाठी परत यावं लागेल.

आणि अंबाडी. ह्या पानाबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे. आंबट पान, लालसर देठ. मावशी ती उकडून, पाणी पिळून, ज्वारीच्या कण्या घालून शिजवते आणि वरून लसणाची फोडणी ओतते, तेलात हात आखडता न घेता. सोबत ज्वारीची भाकर. हेच पान पुढे आदिलाबादकडे गेलं की त्याचं नाव गोंगुरा होतं आणि हैदराबादच्या हाटेलात ते लोणच्याच्या थाटात बसतं. पावसाळ्यात पाला खायचा आणि दिवाळीच्या पुढे-मागे लाल बोंडं आली की त्यांची चटणी करायची. ती बोंडं वाळवून, डब्यात भरून मावशी दरवर्षी आमच्याकडे पाठवायची. कुणी ना कुणी पुण्याला येणारं असायचंच. डबा यायचा, आई फोन करायची आणि मी लांबूनच ओरडायचो, "मावशी, थँक्यू!"

मावशी बाजारात बसते, हे मला माहीत नव्हतं.

सकाळी ती म्हणाली, "चाल बाबू, बाजारात." मला वाटलं, भाजी आणायची असेल. दादानं मोटारसायकलवर दोन पोती टाकली, मी मागून चालत गेलो. आणि बाजारात पोचल्यावर मावशीनं पोतं अंथरलं, अंबाडीच्या जुड्या मांडल्या, वांगी, हिरव्या मिरच्यांचे ढीग, एका बाजूला सीताफळं, आणि खाली बसली. मला म्हणाली, "बस ना."

मी बसलो नाही. खरं सांगतो. आजूबाजूला माझ्याच वयाची पोरं होती, एक-दोघांच्या पाठीवर कॉलेजच्या सॅका. मी फोन कानाला लावला आणि "नेटवर्क नाही इथं" असं काहीतरी म्हणत भज्यांच्या गाड्याकडे सरकलो. फोन कुणाचाच आला नव्हता. मिरचीभजी खाल्ली, एक प्लेट संपवून दुसरी घेतली. तिथून मावशी दिसत होती. तागडी उचलून वांगी तोलत होती. काटा बरोबरीला आला की वर आणखी एक वांगं टाकत होती.

अर्ध्या तासानं तिनं हाक मारली. तिला तेल-मीठ आणायचं होतं. "बस जरा, आलीच." आता पळायला जागा नव्हती.

तुम्ही मार्केटिंग शिकत असाल तर एकदा हे करून पाहा. पहिल्याच बाई आल्या आणि म्हणाल्या, "अंबाडी कशी रे?" मी म्हणालो, "दहाला एक." त्या म्हणाल्या, "दहाला दोन दे." मी दिल्या. मागच्या बाईंनी ते ऐकलं, त्यांनाही दहाला दोन. तिसऱ्या आजीबाईंनी तीन मागितल्या. मला नाही म्हणता आलं नाही, कारण नाही कसं म्हणायचं हेच माहीत नव्हतं. वीस मिनिटांत अंबाडी संपली आणि मी खूश. मावशी आली, मोकळं पोतं पाहिलं, पैसे मोजले आणि एवढंच म्हणाली, "विकली त बरं झालं. सुकलीच असती."

नंतर तिच्या शेजारी बसून पाहिलं तेव्हा कळलं. मावशी भाव कमी करतच नाही. गिऱ्हाईक अडलं की ती भाव तोच ठेवते आणि वर मूठभर मिरच्या टाकते. गिऱ्हाईकाला जिंकल्यासारखं वाटतं, पुढच्या बाजाराला ते परत तिच्याकडेच येतं. संध्याकाळ झाली की मात्र ढीग मोठे होतात, कारण उरलेलं घरी नेऊन उपयोग नसतो. तुम्ही गिऱ्हाईक म्हणून गेलात तर एवढं करा. सुट्टे पैसे न्या, चेहऱ्याचा फोटो काढण्याआधी विचारा, आणि पोत्यावर बसलेल्या बाईशी दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. ओट्यावरच्या व्यापाऱ्याशी खुशाल करा, त्याला सवय आहे.

रात्री हिशेब झाला. दिवसाची विक्री ९४० रुपये. बाजाराची पावती आणि चहा वजा जाता हातात ८९०. मी अगदी शहाण्यासारखं विचारलं, "मावशी, सोयाबीन झालं ना यंदा? मग हे कशाला?" काका खाटेवर आडवे होते. ते म्हणाले, "सोयाबीन?" आणि थोडं हसले. त्या हंगामात सरकारनं जाहीर केलेला हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. पण खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागायचा. परतीचा पाऊस येऊन गेलेला आणि दिवाळी तोंडावर. काकांनी व्यापाऱ्याला ४,१०० नं घातलं. पुढे नोव्हेंबरात ती ओलाव्याची मर्यादा १५ टक्के झाली, तोवर इथलं पोतं न् पोतं गेलेलं होतं. जे आले ते पीककर्जात आणि कृषी केंद्राच्या उधारीत गेले. कापसाची वेचणी अजून व्हायची होती.

आणि मावशीचे बाजाराचे पैसे? ते वेगळ्या डब्यात जातात. माझी मावसबहीण नांदेडला बीएस्सी करते, तिची मेस महिन्याला २,६०० रुपये. महिन्याचे चार बाजार धरले की मेस निघते, वर बसचं भाडं आणि कधी एखादं पुस्तक. काका म्हणाले, "शेतीचा पैसा सालातून एकदा येते अन् येताच जाते. पोरगी त दररोज जेवते ना."

मी मनात दुसराच हिशेब करत होतो. दहाला दोन, दहाला तीन. माझ्या त्या वीस मिनिटांत बहिणीची दोन-तीन दिवसांची मेस गेली होती. हे कुणीच बोललं नाही. मावशीनं ताटात आणखी एक भाकर टाकली, तूप विचारलं, आणि आईच्या गुडघ्याची चौकशी केली.

मग लाल बोंडांचा डबा आठवला. बाजारात त्या बोंडांना गिऱ्हाईक होतं, मी स्वतः पाहिलं होतं. सहा वर्षं येणारा तो डबा विकता येण्यासारखा माल होता.

दुसऱ्या दिवशी मी दादाबरोबर शेतात गेलो, वहिनीबरोबर नदीवर गेलो, सहस्रकुंडला जायचं राहून गेलं. मुरलीजवळ पैनगंगेचा तो धबधबा दिवाळीपर्यंत छान असतो म्हणतात. त्यासाठी पुन्हा जायला हवं. तुम्ही पावसाळा संपता संपता गेलात तर चुकवू नका. पण कड्याच्या टोकाला जाऊन रील करू नका, नदीला हे कळत नाही.

निघताना मावशीनं नेहमीसारखी पिशवी भरली. बोंडं, गोडंबी, थोडी हळद. मी अर्ध्या गोष्टी बाहेर काढल्या, तिनं परत आत घातल्या, असं तीनदा झालं. चौथ्यांदा ती खरंच रागावली, म्हणून गप्प बसलो. वर हातात शंभराची नोट ठेवली. ती नको म्हणण्याची तर सोयच नसते, तुमच्याही घरी असेच असतील ना लोक? काळीपिवळीत बसेपर्यंत ती नोट मी खिशात टाकली नव्हती.

आता एप्रिलमध्ये परत चाललोय. टेंभरं खायची आहेत. बहिणीचीही परीक्षा तोवर संपेल आणि ती घरी असेल. परवा वहिनीचा फोन आला होता. म्हणाली, "भाऊजी, येताना पुण्याहून तो आकड्यांचा काटा घेऊन या, बॅटरीवाला. पैसे इथं आल्यावर देते. तागडीवर मामी वर लई टाकत्यात, मी बसणार आहे आता त्यांच्यासोबत." मी दोन-तीन दुकानांत विचारून ठेवलंय. पाच किलोचा घ्यावा की दहाचा, हे मात्र तिलाच विचारावं लागेल.