तुरुंगातल्या माणसाला पुरस्कार कसा मिळतो?

ठाणे-कल्याणहून फारसा दूर नसलेला तळोजा तुरुंग. तिथे कैदेत असलेले आदिवासी हक्कांचे कार्यकर्ते फादर स्टॅन स्वामी यांचे हात कंपवाताने थरथरत. पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मिळावा म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. याच कैदेत त्यांना केरळचा मुकुंदन सी. मेनन मानवाधिकार पुरस्कार जाहीर झाला. खटला सुरू होण्याआधीच, ५ जुलै २०२१ रोजी ते गेले.

अशा पुरस्कारांसाठी सहसा कैद्याला ओळखणारी माणसे किंवा संस्था नाव सुचवतात. निवड समिती त्याचे काम तपासते. व्हिएतनामच्या पत्रकार फाम दोआन त्रांग यांना २०२२चा मार्टिन एनल्स पुरस्कार तुरुंगात असतानाच मिळाला. पुरस्काराने कुलूप उघडत नाही, पण कैद्याचा विसर पाडणे सरकारला अवघड जाते.