ब्रेकचे नवे लायनर बसवले, तरी आवाज का येतो?



भाजीचा हंगाम सुरू होण्याआधी आपण पिकअप, टेम्पोचे ब्रेक करून घेतो. नवे पॅड, नवे लायनर बसतात, मिस्त्रीचे पैसेही दिले जातात. आणि मग शहाडच्या उड्डाणपुलावर गाड्यांच्या रांगेत हळूहळू पुढे सरकताना चाकातून ‘चीं’ असा आवाज येऊ लागतो. कुणी म्हणतो माल बनावट आहे, कुणी म्हणतो पुन्हा बदला. अशी घाई करू नका. पण दुर्लक्षही करू नका. ओतूर, जुन्नरकडचा माल माळशेज घाट उतरून मुरबाडवरून कल्याणच्या बाजारात येतो. त्या उतारावर भरलेल्या गाडीची मदार ब्रेकवरच असते.

आवाज कसा आहे यापेक्षा तो केव्हा येतो, हे आधी पाहावे. रोगाचे निदान तिथेच होते.

१) ब्रेक हलका दाबल्यावर बारीक, चिरका आवाज : पाटीवर पेन्सिल उभी धरून ओढली की ती किंचाळते, तसाच हा प्रकार. पॅड डिस्कवर घासताना थरथरतो. जुन्या डिस्कवर चर पडलेले असतात आणि नव्या पॅडचे तोंड सपाट असते. दोन्ही एकमेकांना बसेपर्यंत असा आवाज येऊ शकतो. ब्रेकचा जोर चांगला असेल आणि आवाज दिवसेंदिवस कमी होत असेल, तर काळजी नाही. कमी होत नसेल, तर पॅडमागची पातळ पत्री व क्लिपा बसवल्या आहेत का, कॅलिपरच्या पिना मोकळ्या सरकतात का, हे मिस्त्रीकडून पाहून घ्यावे.

२) ब्रेक न दाबताही खरखर : डिस्कच्या मागचा धूळपत्रा काम करताना वाकला असेल, किंवा त्यात खडा अडकला असेल. थोडे अंतर चालवून गाडी उभी करा आणि प्रत्येक चाकाजवळ हात न्या. हात लावू नका. एकच चाक फार तापले असेल, तर त्याचा ब्रेक सुटत नाही असे समजावे. घूं-घूं आवाज वळणावर कमीजास्त होत असेल, तर दोष बहुधा व्हील बेअरिंगचा असतो, ब्रेकचा नव्हे.

३) पुढेमागे घेताना ‘टक्’ : पॅड आपल्या जागेत सैल आहे, किंवा एखादा बोल्ट नीट आवळलेला नाही. आधी चाकाचे नट तपासा, मग क्लिपा.

४) लोखंडावर लोखंड घासल्यासारखी करकर : गाडी तिथेच थांबवा. पॅड उलटा बसला असेल किंवा एखादा भाग सुटला असेल. अशी गाडी घाटात नेणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

५) पावसाळ्यात सकाळी पहिले चार-दोन ब्रेक दाबतानाच खरखर : रात्रीतून डिस्कवर धरलेला गंज निघतो. लगेच थांबणारा हा आवाज निरुपद्रवी आहे.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी : बऱ्याच ट्रॅक्टरचे ब्रेक तेलात बुडालेले असतात. तेल बदलल्यावर ब्रेक दाबताना गुरगुर सुरू झाली, तर कंपनीने सांगितलेलेच तेल भरले आहे का, ते तपासा. साधे गिअर तेल तिथे चालत नाही.

नवे ब्रेक कसे बसवून घ्यावे?

काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल पुन्हा पुन्हा दाबून कडक करून घ्या. पेडल स्पंजासारखे मऊ लागले, तर नळीत हवा आहे. ती काढल्याशिवाय निघू नका. मग रिकाम्या गाडीने, मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर वेगावरून २० पर्यंत हळूवार ब्रेक लावा. पूर्ण थांबू नका. असे ८-१० वेळा करावे आणि दरवेळी मध्ये ब्रेक निवायला वेळ द्यावा. गाडीच्या पुस्तकात वेगळी पद्धत दिली असेल, तर ती पाळावी. पहिल्याच फेरीला पूर्ण भरून घाट उतरू नये. नवे लायनर जास्त तापले, तर त्यांच्या तोंडावर काचेसारखी चकाकी येते. मग पकड कमी होते आणि आवाज कायमचा राहतो.

हे मात्र करू नका :

• आवाज घालवायला लायनरवर किंवा डिस्कवर तेल, ग्रीस लावू नका. आवाज जाईल, पण ब्रेकही जाईल. ग्रीस फक्त पिनांना आणि पॅडच्या पाठीला, तेही ब्रेकसाठीचेच आणि बोटभर.
• ड्रममधली धूळ फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, ते फुप्फुसात बसते. ओल्या फडक्याने पुसा.
• एका बाजूचे लायनर बदलून दुसरे जुने ठेवू नका. गाडी एका अंगाला ओढते.
• उतारावर पाय सतत पेडलवर ठेवू नका. ज्या गिअरात घाट चढावा, त्याच गिअरात उतरावे.

मिस्त्रीकडे जाताना नुसते ‘आवाज येतो’ म्हणू नका. कोणत्या चाकातून, पेडल दाबल्यावर की सोडल्यावर, गाडी थंड असताना की तापल्यावर, एवढे सांगा. त्याचा वेळ वाचेल आणि चांगले पॅड फेकून नवे घेण्याचा तुमचा खर्चही.