आधी त्याचा रिपोर्ट

सकाळी ७.३०. कोल्हापुरातल्या आमच्या वीर्यतपासणीच्या लॅबमध्ये पहिलं काम इन्क्युबेटर बघायचं. ३७ अंश. मग डब्यांवर लेबलं. ड्युटी गाठायची म्हणून पुरुष लवकर येतात.

८.१५. एक जोडपं. बायकोच्या हातात जाडजूड फाइल: सोनोग्राफ्या, थायरॉइड, गर्भनलिकांचा एक्स-रे. नवऱ्याची ही पहिलीच तपासणी. मला हे रोज खुपतं. मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या केसेसमध्ये पुरुषाकडचं कारण असतं, एकटं नाहीतर जोडीनं. त्याच्या तपासणीला सुई लागत नाही, भूल लागत नाही, तरी ती सगळ्यांत शेवटी.

मी विचारते: शेवटचा संबंध कधी? (दोन ते सात दिवसांचं अंतर लागतं.) तीन महिन्यांत ताप आला होता? काम काय? "शिरोली एमआयडीसीत. फौंड्रीत, भट्टीवर." तंबाखू? "मावा. दिवसाला चार-पाच पुड्या." बायको खाली बघते. वृषणांना शरीरापेक्षा दोन-चार अंश कमी तापमान लागतं, त्यामुळे भट्टी लिहून घेते. मावाही.

९.१०. नमुना पातळ झाला. तासाच्या आत बघायलाच हवा. चांगल्या थेंबात नजर ठरत नाही. मिरगाच्या पावसानंतर दिव्याभोवती किडे उडतात तशी धांदल असते. इथे बरेचसे शुक्राणू जागच्या जागी शेपटी हलवतायत. काही वाकड्या मानेचे. दोनदा मोजते: मिलिलिटरला ९० लाख. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची खालची मर्यादा १ कोटी ६० लाख. हालचाल किमान ४२ टक्के हवी, ती ३० भरली. या आकड्यांखाली मूल होतच नाही असं नाही, पण वाट लांबते.

११.००. जिमला जाणारा तरुण, दंड भरलेले. काचेवर एकही शुक्राणू नाही. सेंट्रिफ्यूज करून पुन्हा शोधलं, तरी नाही. विचारल्यावर कळलं, इंजेक्शनं घेतो. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदू वृषणांना काम करायचा निरोपच पाठवत नाही. इंजेक्शनं थांबवली की बहुतेकांचं उत्पादन परत सुरू होतं, पण त्याला कित्येक महिने जातात. "ताकद वाढते एवढंच सांगितलं होतं," तो म्हणाला. असं सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

३.००. शेहेचाळिशीचे गृहस्थ, दुसरं लग्न. बाईचं वय चारचौघांत काढतात, पुरुषाचं कुणी काढत नाही. शुक्राणू म्हातारपणीही तयार होतात, हे खरं. पण चाळिशीनंतर वीर्य आणि हालचाल कमी होत जाते, डीएनएतले तुटके धागे वाढतात. २०१२च्या आइसलँडच्या अभ्यासात वडिलांच्या वयाच्या दर वर्षामागे बाळात साधारण दोन नवे जनुकीय बदल जास्त दिसले. हे सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी पाठीवरच्या पिशवीतून वही काढून लिहून घेतलं.

४.००. एका सासूबाईंचा फोन: "आमच्या पोराचा काय आला?" रिपोर्ट ज्याचा त्यालाच मिळतो, मावशी.

४.४५. सकाळचं जोडपं. एका रिपोर्टवर काही ठरत नाही, परत करायचा. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने, बाहेर यायला आणखी थोडे दिवस. आज मावा सुटला तर फरक तीन महिन्यांनी दिसेल. तो म्हणाला, "मावा सोडतो. भट्टीवरून मोल्डिंगला बदली मागून बघतो, मॅडम."

बायकोनं विचारलं, "मग माझ्या गोळ्या?"

"ते डॉक्टर सांगतील. पण आत दोघं मिळून जा, आणि आधी हा कागद दाखवा."