‘ॲस्टरॉइड्स’ पुन्हा चालू करताना

‘ॲस्टरॉइड्स’ या खेळाचं चित्र ठिपक्यांचं नसतं. घरच्या जुन्या टीव्हीत इलेक्ट्रॉनांचा झोत ओळीमागून ओळ असा सगळा पडदा पिंजून काढायचा आणि जिथं उजेड हवा तिथं तेज व्हायचा. 1979 साली अटारी कंपनीनं काढलेल्या या खेळात झोत फक्त जिथं रेघ आहे तिथंच जातो. उल्केच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सरळ रेघ ओढतो, विझतो, अंधारातच दुसऱ्या जागी सरकतो आणि पुन्हा पेटतो. त्यामुळे तिरप्या रेघेला पायऱ्या पडत नाहीत. गोळी म्हणजे तर झोत एका बिंदूवर क्षणभर रोखून धरणं, म्हणून ती बाकीच्या चित्रापेक्षा कितीतरी झगझगीत दिसते. हाच खेळ आज संगणकावर, सपाट पडद्यावर चालवता येतो. नियम तेच असतात, आवाजही तेच, पण ती झळाळी उतरत नाही. मूळ यंत्रं दुरुस्त करत राहण्याचं सर्वांत भक्कम कारण माझ्या मते हेच आहे.

लायल रेन्स आणि एड लॉग या दोघांच्या डोक्यातून आलेल्या या खेळाची सुमारे 70,000 कॅबिनेटं विकली गेली. उभं लाकडी खोकं, आत वीजपुरवठा, खेळाचा सर्किट बोर्ड, 19 इंची मॉनिटर, नाण्याची पेटी आणि समोर पाच बटणं. दांडी नाहीच. यातलं लाकूड ओलीनं फुगतं, बटणांच्या पितळी पट्ट्या वाकतात, वायरी उंदीर कुरतडतात. हे सगळं हातासरशी नीट होतं. खरी झीज डोळ्यांना दिसत नाही, आणि ती प्रत्येक भागात वेगळ्या शास्त्राप्रमाणे होते.

सुरुवात वीजपुरवठ्यापासून करायची. अमेरिकेतली वीज सेकंदाला 60 आवर्तनांची असते. ती एकदिश केली की सेकंदाला 120 उमाळे येतात, आणि चिपला तर संथ, अखंड 5 व्होल्ट लागतात. मधली दरी भरून काढतो तो कपॅसिटर, आपल्या मेकॅनिकांच्या बोलीत कंडेन्सर. नळाला पाणी ठरावीक वेळीच येत असलं तरी गच्चीवरच्या टाकीमुळे घरात ते दिवसभर मिळतं, तसं हे काम आहे. अटारीच्या यंत्रांत यासाठी डब्याएवढा निळा कपॅसिटर असे. दुरुस्ती करणारे त्याला ‘बिग ब्लू’च म्हणतात. त्याच्या आत ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची गुंडाळी, पत्र्यावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर आणि सोबत द्रवरूप इलेक्ट्रोलाइट असतो. हा द्रव रबरी बुचातून वर्षानुवर्षं किंचित किंचित उडून जातो. तापमान 10 अंशांनी वाढलं की अशा कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. बंद खोक्यात, गरम ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी चाळीस वर्षं काढलेल्या कपॅसिटरकडून कसली अपेक्षा करणार? तो सुकत गेला की उमाळे चिपपर्यंत पोचतात, स्पीकर घुमतो, चित्र लाटांवर असल्यासारखं डुलतं किंवा खेळ सुरूच होत नाही.

याच यंत्रातली दुसरी एक खोड मला फार बोलकी वाटते. 5 व्होल्ट नीट पोचताहेत का हे पाहण्यासाठी अटारीनं वीजपुरवठ्यातून एक जास्तीची तार थेट खेळाच्या बोर्डापर्यंत नेली होती. बोर्डापाशी दाब कमी दिसला तर नियंत्रक आपोआप तो वाढवणार. कल्पना उत्तम होती. पण बोर्ड ज्या कनेक्टरात बसतो त्याचे संपर्क काळे पडले की तिथंच दाब गळतो. नियंत्रकाला वाटतं वीज कमी पडते आहे, तो दाब वाढवतो. जास्तीच्या प्रवाहानं काही छोटे रेझिस्टर करपतात आणि दोष नियंत्रकाच्या पाटीत आहे असं दिसतं. जळलेला भाग बदलला तरी काही दिवसांत तेच, कारण मूळ दुखणं पलीकडच्या टोकाला, काळवंडलेल्या संपर्कांत असतं. म्हणून जाणकार माणूस डाख देण्याची बंदूक हातात घेण्याआधी कनेक्टर साफ करतो.

मग बोर्ड. ‘ॲस्टरॉइड्स’चा प्रोसेसर 6502, आणि प्रोग्रॅम व चित्रांच्या रेघा मिळून साठवण फक्त 8 किलोबाइटची, 2 किलोबाइटच्या चार चिपांत. या चिपांच्या पायांवर चांदीचा मुलामा असेल तर हवेतल्या गंधकानं तो काळा पडतो आणि सॉकेटमधून काढताना पाय मोडूनही हातात येतो. 2114 जातीच्या मेमरी चिपा तर बिघडण्यासाठी बदनामच आहेत. प्रोसेसर सरळ चालत नसला की ‘वॉचडॉग’ नावाचं राखणीचं सर्किट त्याला पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू करत राहतं. बोर्ड जिवंत असतो, पण जागच्या जागी अडखळतो.

बिघडलेली नेमकी चिप कशी शोधायची? त्या काळात ह्युलेट-पॅकार्डनं लोकप्रिय केलेली एक युक्ती इथं कामी येते, सिग्नेचर ॲनालिसिस. बोर्डाला एक ठरलेलं काम पुन्हा पुन्हा करायला लावायचं आणि एका बिंदूवरून जाणारी शून्य-एकांची लांबलचक मालिका 16 घरांच्या एका रजिस्टरमधून फिरवायची. प्रत्येक बिट पुढं सरकताना आधीच्या बिटांशी मिसळतो आणि शेवटी उरलेला आकडा चार अक्षरांत दिसतो. धडधाकट बोर्डावर त्या बिंदूची चार अक्षरं नेहमी तीच येतात. हजारो बिटांपैकी एक जरी चुकला तरी अक्षरं बदलतात. अशा सह्या जुळवत गेलं की ज्या चिपेत जाणाऱ्या सह्या बरोबर आणि बाहेर येणारी चूक, ती चिप दोषी. अटारीनं मेकॅनिकांसाठी ‘कॅट बॉक्स’ नावाची पेटी काढली होती, तिच्यात ही सोय होती. गणिताचा इतका देखणा वापर नाण्यांवर चालणाऱ्या खेळाच्या दुरुस्तीसाठी झाला, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

आता मॉनिटर. इथं आधी भीती हवी. पिक्चर ट्यूबच्या काचेच्या आतून एक वाहक थर असतो आणि बाहेरून ग्रॅफाइटचा; मधली काच विद्युतरोधक. म्हणजे ट्यूब हाच एक कपॅसिटर झाला. त्यावर दहा हजार व्होल्टांहून अधिक दाब असतो, रंगीत मॉनिटरांत वीस हजारांहून जास्त, आणि यंत्र बंद केल्यावरही तो बराच वेळ टिकू शकतो. बाहेरच्या थराच्या अर्थिंगला जोडलेल्या स्क्रूड्रायव्हरनं तो उतरवतात. पण एकदा उतरवून भागत नाही. काचेत मुरलेला भार थोड्या वेळानं पुन्हा वर येतो, म्हणून थांबून दुसऱ्यांदा उतरवायचा. आपल्याकडं ईएचटी, म्हणजे उच्च दाबाचा ट्रान्सफॉर्मर, बदलणाऱ्या जुन्या टीव्ही मेकॅनिकांना हे कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. त्यांचे हात ते जाणत होते.

रेघा ओढणाऱ्या मॉनिटरची आणखी एक गंमत आहे. बोर्डाकडून झोत हलवण्याचा संकेत आलाच नाही तर झोत मधोमध स्थिर राहील आणि तिथला फॉस्फर, म्हणजे पडद्याचा चमकणारा थर, कायमचा जाळून टाकेल. त्यासाठी ‘स्पॉट किलर’ नावाचं सर्किट झोतच बंद करतं. पडदा काळा दिसतो आणि नवखा माणूस मॉनिटर उघडून बसतो, बिघाड मात्र बोर्डात असतो. पडद्यावर भरवसा ठेवता येत नाही हे ओळखून अटारीनं या यंत्रांच्या स्वयंचाचणीत मेमरीचे दोष सूर वाजवून सांगण्याची सोय केली होती.

कपॅसिटर आजही नवे मिळतात. प्रोग्रॅमही बऱ्याच अंशी वाचले आहेत. इटलीच्या निकोला साल्मोरियानं 1997 साली जुने खेळ संगणकावर चालवण्याचा ‘मेम’ हा प्रकल्प सुरू केला आणि जगभरच्या लोकांनी जुन्या चिपांतला मजकूर उतरवून घेतला. कठीण वाटलेलं कुलूपही उघडलं. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं 1993 पासूनच्या सीपीएस-2 बोर्डांत कूटलेखित प्रोग्रॅमची उकल करणारी किल्ली बॅटरीवर जगणाऱ्या मेमरीत ठेवली होती. बॅटरी संपली की खेळ मेला. 2007 मध्ये साल्मोरिया आणि आंद्रेआस नाइव्ह यांनी त्या कूटलेखनाची रीत उलगडली. 2016 मध्ये एदुआर्दो क्रूस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या मूळ बोर्डात किल्ली पुन्हा भरण्याची वाट दाखवली. बोर्डाच्या नक्षीला हात न लावता ही यंत्रं उठून बसू लागली.

ट्यूबचं तसं नाही. 2005 साली औरंगाबादच्या व्हिडिओकॉननं फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला, तेव्हा इटली, पोलंड, मेक्सिको आणि चीनमधले कारखाने मराठवाड्यात वाढलेल्या कंपनीच्या हाती आले. पण सपाट पडद्यांनी बाजार इतक्या झपाट्यानं घेतला की जगभरात ट्यूबच्या भट्ट्या विझल्या. शिसं मिसळलेली काच, फॉस्फरचा थर, इलेक्ट्रॉन गन, निर्वात करण्याच्या भट्ट्या हे सगळं लाखांच्या उत्पादनावरच परवडतं. दहा-वीस ट्यूबांसाठी कुणी ते पुन्हा उभारणार नाही. म्हणून आज टाकून दिलेल्या टीव्हीतली त्याच मापाची, त्याच जाडीच्या मानेची ट्यूब काढतात आणि खेळाच्या मॉनिटरचं मूळ योक, म्हणजे झोत वळवणारी तांब्याची वेटोळी, तिच्यावर चढवतात. योक बदलून चालत नाही, कारण रेघा ओढणारं सर्किट त्याच वेटोळ्यांसाठी जुळवलेलं असतं.

जुन्या ट्यूबमध्ये नवी गन बसवण्याची कला अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डे मॉइन इथं हॉकआय नावाच्या कारखान्यात टिकून होती. 2010 मध्ये तो बंद झाल्यावर त्याची यंत्रसामग्री ओहायोतल्या हिलियर्डच्या अर्ली टेलिव्हिजन म्युझियमनं घेतली. मान कापायची, गन बदलायची, नवी मान वितळवून जोडायची, भट्टीत तापवत हवा काढायची आणि सील करायचं, अशी ती पद्धत. त्यानं थकलेली गन बदलते, जळालेला फॉस्फर मात्र बदलत नाही. म्हणून दुरुस्त झालेल्या कॅबिनेटचा ब्राइटनेस लावताना जाणते लोक हात आखडता घेतात. एका रेघेवरून दुसरीवर जाताना झोताची वाट अजिबात दिसणार नाही इथपर्यंत तो खाली आणतात आणि तिथंच ठेवतात.